पाव्हना आधी

मोरखारच्या मिठागरात त्या वर्षी मीठ असं पिकलं, की दुपारी बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आणि नशीब बघा, नेमकं तेच शेवटचं वर्ष. पावसाळा संपला की आगर पुन्हा उघडायचं नाही, असा हुकूम आला होता. जमीन बंदराच्या कामात गेली होती. तिच्या मोबदल्याचं भांडण अजून कचेरीत लोंबकळत होतं, पण भरावाचे डंपर काही कुणाची वाट बघत बसले नव्हते. खाडीच्या तोंडाशी त्यांनी लाल मुरूम ओतायला सुरुवातही केली होती.

भाताचं एक बरं असतं, कापणी चार दिवस पुढे गेली तरी ते शेतात उभं राहतं. मिठाला पाणी लागलं की झालंच, पुन्हा पाणी. म्हणून मैनाबाईच्या घरातली सगळी माणसं वैशाखाच्या उन्हात आगरात उतरली होती. मैनाबाई स्वतः गुडघ्यांनी अधू. ती बांधावरच्या खोपटात बसून पेज ढवळी आणि सगळ्यांवर तोंड चालवी. धाकटा मुलगा बळीराम लाकडी फळीने मीठ ओढून त्याचे ढीग घाली. त्याची बायको जनी ते टोपलीत भरून डोक्यावरून बांधावर नेई. आणि थोरला भगवान, जो एरवी पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्याची अँब्युलन्स चालवी, तो रजा टाकून आला होता. बायको गेल्यापासून तो दवाखान्याच्या आवारातच राहत असे. आगराचं काम त्याचं सुटलेलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, त्यांत खारं पाणी शिरलं, आणि बाप्या माणूस पोराटोरासारखा हात झटकायला लागला.

"दादूस, ते स्टेरिंग नाय हाय, फळी हाय," बळीराम हसला. "वाकून ओढ. कमरेला काय पट्टा बांधलाय का?"

"तू गप रे. तुझ्यासारखी रेड्याची कातडी नाय आपली."

"त्यांना म्हनावं, हाताला खोबरेल लावा. बाटली खोपटात हाय," जनी टोपलीकडे बघत म्हणाली.

"त्यांना म्हनजे कोनाला?" बळीराम मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "दादूस, हिनं तुझं नावच 'त्यांना' ठेवलंय बघ."

जनीने पदर कपाळावर ओढला आणि टोपली उचलून चालू लागली. थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही रीत काही जनीने काढलेली नव्हती. मोरखारात घरोघर तशीच होती. काही सांगायचं असलं तर सासूला सांगावं, नवऱ्याला सांगावं, नाहीतर भिंतीला सांगावं. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, तिने भगवानला एकदाही सरळ हाक मारलेली नव्हती. भगवानलाही त्यात वावगं वाटत नसे. त्याची आयस मैनाबाईही त्याच्या थोरल्या काकाशी कधी बोललेली नव्हती.

अमावास्या जवळ आली तशी मैनाबाईची घालमेल वाढली. अमावास्येचं उधाण म्हणजे वर्षातलं दांडगं पाणी. त्यात खाडीचं तोंड भरावाने आवळलेलं. कोंडलेलं पाणी जाणार कुठे? ते बांधावरच चढणार. आणि बांधातली उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं ते दगडी भिंतीतलं फळ्यांचं दार, आधीच खिळखिळी झाली होती. तिच्या फळ्यांतून पाणी पाझरत होतं. दरवर्षी आगरवाले मिळून ती दुरुस्त करायचे. यंदा कोण करतोय! शेवटचं वर्ष, मरू दे तिकडे.

अशात जासईहून निकेश आला. निकेश म्हणजे जनीचा पाठचा भाऊ. पंचविशीचा, अंगाने सडपातळ, हौशी. बहिणीच्या घरची निकड कानावर गेली म्हणून आपणहून मदतीला आला होता. मैनाबाईने तोंडदेखली थट्टा केली, "घरचं झायलं थोरं नि व्याह्यानं धाडलं घोरं!" पण पोरगा बघून तिला आतून गहिवरून आलं. त्यानंतर काय विचारता! माठातला पहिला तांब्या निकेशला. पहिली भाकरी निकेशला. खोपटाच्या सावलीतली जागा निकेशला. बळीराम सुकल्या घशाने उभा असायचा आणि म्हातारी म्हणायची, "थांब रे मेल्या. पाव्हना आधी."

"अगो आयस, तो काय पाव्हना? माझा मेव्हना तो."

"बहिनीच्या घरी भाऊ पाव्हनाच. तुझा बापूस उपाशी उठायचा, पन पाव्हन्याच्या आधी घास नाय घेतला त्यानं."

बळीराम हसून वाट बघायचा. तसा तो माणूसच थंड. कुणाशी भांडण नाही, कशाची तक्रार नाही. पायाला जखम झाली तरी संध्याकाळपर्यंत सांगायचा नाही.

एका दुपारी पेज पिताना निकेशने भगवानला विचारलं, "भाऊ, तुमी एवढे ॲक्सिडेंट बघता, भ्या नाय वाटत?"

भगवानला बोलायला आवडायचं. गावात त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं. उलट मागच्या साली गावकीत त्याला चारचौघांत ऐकवलं होतं, की हा दवाखान्याची गाडी आपल्या घरची समजतो, आपल्या माणसांना मिरवतो आणि दुसऱ्याच्या वेळेला म्हणतो गाडी ड्युटीवर आहे. खरं तर गाडी तेव्हा खरोखरच ड्युटीवर होती. पण गावाला सांगणार कोण? ते बोलणं भगवानच्या जिव्हारी बसलं होतं.

"भ्या कसलं," तो म्हणाला. "पन नीट बघायला लागतं. मागं कर्नाळ्याच्या वळनावर जीप नि बस धडकली. एक जन रस्त्यावर लोळून बोंबलत व्हता, हात मोडलेला. दुसरा झाडाला टेकून बसलेला, अंगाला रगत नाय. सगळी लोकं बोंबलनाऱ्याकडे. आमचे कृष्णकांत डॉक्टर सोबत व्हते. ते म्हनाले, भगवान, जो ओरडतोय त्याच्यात जीव आहे. गप्प बसलाय त्याला आधी घे. पोटात फुटलं की बाहेर काय दिसत नाही. थंड घाम, सारखी तहान नि जांभया. ही तीन दिसली, की बाकी सगळं सोडायचं."

"मग?"

"मग काय! हात मोडलेल्याच्या भावानं माझ्या कानफटात मारली. आमचा माणूस ओरडतोय नि तू झोपलेल्याला नेतोस! पन नेला. तो वाचला. तसे नेलेत पुष्कळ. मार बी खाल्लाय पुष्कळ."

जनी पाठमोरी बसून भांडी घासत होती. तिचा हात मध्येच थांबला आणि पुन्हा चालू लागला.

अमावास्येच्या दिवशी गावातले सगळे बाप्ये जमिनीच्या मोबदल्याच्या मोर्चाला पनवेलला गेले. सकाळीच दोन ट्रक भरून माणसं गेली, घोषणा देत. बळीरामही जायचा होता, पण उघाडीकडे बघून तो राहिला. भगवान आणि निकेश त्याच्यासोबत राहिले. शेजारच्या आगराचा धर्मराजही राहिला. साठीचा गडी, पण खांदा अजून पक्का होता. "मोर्च्यात ओरडून माझं मीठ वाचनार हाय काय?" असं तो म्हणाला.

भर दुपारी भरती आली. आली म्हणजे काय, बघता बघता खाडी फुगली. पाणी बांधाच्या कपाळाला टेकलं आणि उघाडीच्या फळ्या करकरायला लागल्या. बळीराम आतल्या बाजूने खाली उतरला, फळ्यांना आडवा वासा लावायला. निकेश त्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून वासा देत होता. भगवान आणि धर्मराज चिखलाची ढेकळं आणत होते.

"अजून जरा खाली घे," बळीराम म्हणाला. तेवढंच.

मग वरची दगडांची भिंत सुटली. मोठा आवाजही झाला नाही. ओलं घोंगडं पडावं तसं काहीतरी झालं, आणि मागोमाग पाणी घुसलं. भगवानने हातातलं ढेकूळ टाकलं आणि तो धावला. निकेशच्या नडगीवर वासा आडवा पडला होता. बळीराम दगडांखाली छातीपर्यंत दबला होता, डाव्या कुशीवर एक घडीव दगड बसला होता. दोघांना ओढून बांधावर आणेपर्यंत आगरात पाणी पसरलं. महिनाभर घातलेले ढीग एकेक करून खचायला लागले. पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

निकेश ओरडत होता. अरे, काय ओरडणं ते! नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, रक्ताची धार लागलेली. भगवानने जनीचा पदर मागितला नाही, तिने आपणहून त्याची पट्टी फाडून सासूच्या हातात दिली, सासूने त्याला दिली. त्याने जखम दाबून बांधली, फळीचा दांडा मोडून पायाला दोन्ही बाजूंनी लावला, पक्का आवळला. रक्त थांबलं. ओरडणं थांबलं नाही. "आये, मेलो गं आये! भाऊ, पाय तोडू नका! जनीताई, आयसला बोलव!"

बळीराम खोपटाच्या कुडाला टेकून बसला होता. अंगावर रक्ताचा थेंब नाही. "मना काय नाय झायला," तो म्हणाला. "मुका मार हाय. खांदा तेवढा दुखतो."

"खांदा? खांद्याला लागलं कुठं?"

"नाय लागलं. पन दुखतो. आयस, पानी दे."

भगवानने त्याच्या कपाळावर हात ठेवला. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि कपाळ थंडगार, ओलं. त्याने पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं घट्ट लागत होतं. बळीरामने दात आवळले, पण हूं का चूं केलं नाही. मग तोंडावर हात न धरता त्याने एक मोठी जांभई दिली.

भगवानने वळून गाडीरस्त्याकडे बघितलं.

गाडीरस्ता होता लांब, आगरांच्या पलीकडे. तिथवर जायला पायापुरता बांध, मध्ये मध्ये ढासळलेला. आजाऱ्याला न्यायचं म्हणजे झोळीत. बांबूला गोधडी बांधायची, पुढे एकाने, मागे एकाने खांदा द्यायचा. झोळी एक आणि खांदेकरी दोन, तो आणि धर्मराज. गाव रिकामं पडलेलं. म्हणजे एकाला आता न्यायचं आणि दुसऱ्याला परत येऊन.

"भगवान, सांग लवकर," धर्मराज बांबू घेऊन उभा होता. "तू त्यातला मानूस. कोनाला घ्यायचा?"

भगवानने तोंड उघडलं. 'बळ्याला' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता.

"इचारतोस काय रे?" मैनाबाई कडाडली. "निकेशला घे! हाड बाहेर आलंय पोराचं, दिसत नाय? पाव्हना हाय तो. आपल्या कामाला आला. त्याच्या आयसला मी काय सांगू, माझा उचलला नि तुझा बांधावर टाकला?"

"आयस, ऐक. बळ्याला आतून..."

"दादूस," बळीराम मध्येच म्हणाला. आवाज बसका होता. "त्याला ने. ओरडतोय बघ बिचारा. मी बसतो हितं. कुठं जानाराय मी?"

"लोक काय म्हनतील?" म्हातारीचा आवाज फाटला. "अँब्युलन्सवाल्यानं आपला भाऊ आधी नेला नि पाव्हन्याला मारला! ऐकायचंय तुला परत गावकीत?"

भगवानने जनीकडे बघितलं. कधी बघत नसे, पण बघितलं. एक तिचा नवरा, एक तिचा पाठचा भाऊ. 'माझा नवरा आधी न्या' असं म्हणायचा हक्क सगळ्या जगात फक्त तिला होता. तिने म्हटलं असतं तर म्हातारी गप्प बसली असती, निकेशच्या आईला, म्हणजे आपल्याच आईला, तोंड द्यायला ती होती, आणि गावाची काय बिशाद! जनी बळीरामच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने निकेशकडे बघितलं. तिचे ओठ हलले. तिने पदर पुढे ओढला आणि सासूच्या मागे जाऊन उभी राहिली.

इकडे आड आणि तिकडे विहीर. अनोळखी माणसांच्या बाबतीत भगवानने हा निर्णय किती वेळा घेतला होता, शिव्या खात, थपडा खात. कधी कचरला नाही. आज घरच्या बांधावर मात्र त्याचे पाय चिखलात रुतल्यासारखे झाले. कुणास ठाऊक, मुका मारच असेल. कुणास ठाऊक, तासभर काढेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला किती कारणं सापडतात!

"त्याला पानी देऊ नका," तो म्हणाला. "आडवा निजवा. मी आलोच." आणि त्याने निकेशचं डोकं उचललं.

झोळी खांद्यावर घेऊन दोघं निघाले. बांधावर पाणी चढलं होतं, पाय घसरत होते. निकेश प्रत्येक हिसक्याला किंचाळत होता आणि भगवानला त्या किंचाळीचा राग येत होता. ओरड, ओरड लेका, तुझं काय जातंय, तू जिवंत आहेस. मग स्वतःचीच लाज वाटायची. पोरगा मदतीला आला होता, त्याचा काय गुन्हा? मागे वळून बघायला वाव नव्हता. बांबू खांद्यात रुतत होता, आणि पुढे म्हातारा धर्मराज फाऽ फाऽ करत धापा टाकत होता.

रस्त्यावर डंपरची रांग चालूच होती. पहिला थांबला नाही. दुसऱ्याने काच खाली केली, रक्त बघितलं आणि "पुलिस का लफडा" म्हणत निघून गेला. तिसऱ्याच्या पुढे भगवान आडवाच उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, निकेशचा पाय बघून नरमला.

"ले जाऊंगा. लेकिन साथ में आदमी बिठाओ. रास्ते में मर गया तो मैं नहीं निपटूंगा."

"मैं भी ड्रायव्हर है," भगवान हात जोडून म्हणाला. "अँब्युलन्स का. पीछे और एक आदमी है, मेरा भाई. थोडा रुको, लेके आता हूँ."

"रुकूं? पीछे लाइन देख रहा है?"

मागचे डंपर भोंगे वाजवत होते. धर्मराजने भगवानकडे बघितलं. सोबत एकाने जायलाच हवं होतं. भगवान गेला तर बळीरामचं काय, आणि धर्मराज गेला तर झोळीचं दुसरं टोक कोण धरणार?

"तुमी जा, काका," भगवान म्हणाला. "दवाखान्यात सांगा, गाडी लगेच हितं पाठवा. म्हनावं, भगवानचा भाऊ हाय."

डंपर धूळ उडवत गेला. भगवानने रिकामी झोळी खांद्यावर टाकली आणि बांधावरून पळत सुटला. पाय घसरून दोनदा गुडघ्यावर आपटला. खाऱ्या पाण्याने बोटांच्या चिरा पेटल्या होत्या, पण आता हात झटकायचं भान नव्हतं.

खोपटाशी पोचला तेव्हा मैनाबाई बळीरामचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि लुगड्याच्या पदराने त्याचा घाम पुसत होती. "बघ रे, किती घाम आलाय याला. कवापासून पानी पानी करतोय. मी नाय दिला, तू बोललास म्हनून." ओठ पांढरेफटक झाले होते. नाडी बोटाखाली सापडत नव्हती, सापडली तर दोऱ्यासारखी.

"धर्मराज कुठं हाय?" म्हातारीने विचारलं.

"निकेशसोबत गेला," भगवान म्हणाला. त्याने बळीरामला गोधडीत घेतलं, बांबू ओवला आणि एक टोक खांद्यावर घेतलं. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं. म्हातारी उठायला बघत होती आणि गुडघे तिला उठू देत नव्हते.

जनीने कासोटा खोचला. डोक्यावरून पाडलेला पदर तिने कमरेला गुंडाळला, पुढे आली आणि बांबू खांद्यावर घेतला. मिठाची टोपली वाहणारी बाई ती, मान ताठ होती. चार पावलं गेल्यावर भगवान अडखळला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"दादा, थांबू नका."

सात वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली. तो थांबला नाही.

बळीराम झोळीत बडबडत होता. "उघाडी लागली काय रे? पानी बंद झायला?"

"झायला. तू गप निज."

"निकेशला नेला?"

"नेला."

"बरं झायलं. आयस आता बोलनार नाय." थोड्या वेळाने म्हणाला, "दादूस, एक घोट दे रे. पाव्हना पिऊन गेला ना? आता माझी पाळी."

भगवान रडायला लागला. खांद्यावर बांबू, हात गुंतलेले, डोळे पुसता येत नव्हते. खाली चारी बाजूंना पाणी आणि त्यात विरघळणारं पांढरं मीठ. मागे जनीचा श्वास ऐकू येत होता, जड, एका लयीत. बळीराम आणखी काही बोलला, ते कुणालाच कळलं नाही. मग झोळी अचानक जड झाली. ज्यांनी माणसं वाहिली आहेत त्यांना ते ओझं कळतं, सांगावं लागत नाही. भगवानने कित्येक वाहिली होती.

तो चालत राहिला. जनीही चालत राहिली. लांब रस्त्यावर लाल क्रॉसची पांढरी गाडी येऊन उभी राहिली होती, त्याचीच गाडी. बदली ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. ते रस्त्याला लागेपर्यंत तो भोंगा वाजत होता.

दवाखान्यात कृष्णकांत डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या, पोटावर हात ठेवला आणि भगवानच्या खांद्यावर थोपटलं. "प्लीहा फुटली असणार," ते म्हणाले. "तुला काय सांगायचं!" त्यांना वाटलं, बळीराम दगडांखालून उशिराच निघाला असेल, नाहीतर भगवान असं होऊ देता ना. भगवानने ती समजूत दूर केली नाही.

पावसाळा आला, आगर बुडालं, आणि नारळी पुनवेला निकेश काठी टेकत मोरखारला आला. पाय वाचला होता, जरासा आखूड झाला होता एवढंच. सोबत त्याची आई होती. तिने आधी लेकीच्या, मग मैनाबाईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. मग गावकीची चार माणसं बोलावून भगवानच्या अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

"माझ्या पोराला जीव तुमी दिलात," ती म्हणाली. "सख्ख्या भावाला मागं ठेवून पाव्हन्याला नेलात. असा मानूस मी बघितला नाय."

गावकीतला म्हातारा, ज्याने मागच्या साली भगवानला ऐकवलं होतं, तोच मान डोलवत म्हणाला, "घराची रीत राखलीस, भगवान. बापाचं नाव काढलंस." मैनाबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिला बिचारीला त्या बोलण्याचाच आधार होता. भगवानला वाटलं, ही शाल काढून चुलीत घालावी. पण पाव्हण्यांसमोर तसं करता येत नाही. तो शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसून राहिला.

जनीने भावाला राखी बांधली. निकेश मान खाली घालून म्हणाला, "ताई, काय लागलं तर सांग." तिने मान हलवली. ज्याच्यासाठी कपाळ पुसलं गेलं त्यालाच ओवाळायचं, आणि त्याच्यावर रागवायलाही जागा नाही, कारण त्याने तरी काय केलं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग सगळी माणसं खाडीला नारळ सोडायला गेली. मैनाबाई आतल्या खोलीत कलंडली. भगवान पडवीत एकटाच बसला होता. जनी दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा होता.

"दादा."

भगवानने वर बघितलं.

"त्या दिशी तुमाला म्हाईत व्हतं."

नाही म्हणता आलं असतं. मी डायव्हर माणूस, मला काय कळतंय, असं म्हणता आलं असतं. पोलिसांना, गावाला त्याने तसंच सांगितलं होतं.

"व्हतं," तो म्हणाला.

जनी उंबऱ्यावर टेकली. पागोळ्यांचं पाणी अंगणातल्या दगडावर पडत होतं.

"मना बी," ती म्हणाली. "तुमी सांगितलं व्हतं ना, घाम, तहान, जांभया. मी मोजत व्हते."

"मग बोलली का नाय गं?" भगवान म्हणाला. "एक शबूद बोलली असतीस. मी तुझ्याच तोंडाकडे बघत व्हतो."

"आन मी तुमच्या," जनी म्हणाली. "मना वाटलं, त्यांना समदं कळतं. ते बोलतील. ते ह्यांना आधी घेतील. मी कशी बोलू?"

भगवानच्या मांडीवरचा नारळ घरंगळला आणि पडवीतून अंगणात गेला. कुणी उचलला नाही. बाहेर वाटेवर माणसांचे आवाज ऐकू यायला लागले, काठीचा ठक ठक आवाजही त्यात होता.

आतून मैनाबाईने हाक मारली, "जने, आली काय गं मानसं? च्या ठेव. निकेशला नि त्याच्या आयसला आधी दे हां."

"व्हय, आत्याबाय," जनी म्हणाली. तिने पदर कपाळावर ओढला आणि ती चूल पेटवायला आत गेली.